१९६४ चा नागरी हक्क कायदा नेमका कोणी मंजूर करून घेतला?

नमस्कार. आपण लिहिले आहे की स्पर्धा परीक्षेच्या एका पुस्तकात ‘केनेडींना जे जमले नाही ते जॉन्सन यांनी करून दाखवले आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा मंजूर करून घेतला’ असे वाक्य आहे, आणि ते आपल्याला पटत नाही. (नोकरी आणि सार्वजनिक जागा यांसारख्या ठिकाणी वर्णभेदाला बंदी घालणारा तो हा कायदा.) अमेरिकेचा अध्यक्ष कोणत्याही सभागृहाचा सदस्य नसतो, आणि केनेडींच्या काळातही प्रतिनिधीगृह आणि सिनेट या दोन्ही सभागृहांत त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे भक्कम बहुमत होते. मग एकाला जमले नाही आणि दुसऱ्याला जमले, याचे कारण दोघांच्या स्वभावातला फरक एवढेच मानायचे का, आणि परीक्षेत नेमके काय लिहायचे, असे आपण विचारता. पदव्युत्तर वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षे गेली. हा प्रश्न जवळजवळ दर वर्षी कोणीतरी विचारीत असे, आणि तो विचारणारा विद्यार्थी योग्य ठिकाणी अडलेला आहे असेच मला वाटत आले आहे.

माझ्या मते खरी अडचण ‘बहुमत’ या शब्दापाशी आहे. आपण भारतीय वाचक बहुमत म्हणतो तेव्हा प्रतोदाने काढलेला पक्षादेश मनात गृहीत धरलेला असतो. १९८५ साली दहावी अनुसूची आल्यापासून आपल्याकडे पक्षादेश मोडणाऱ्याची सदस्यताच धोक्यात येते, आणि सरकारचे एखादे महत्त्वाचे विधेयक लोकसभेत पडले तर सरकारच्याच अस्तित्वाचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत यांपैकी काहीही लागू नाही. तिथे सिनेटर आपल्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उघडपणे मत देतो, दुसऱ्या दिवशी त्याच पक्षाच्या बैठकीला बसतो आणि समितीचे अध्यक्षपदही टिकवून ठेवतो. राष्ट्राध्यक्षाची मुदत ठरलेली असल्यामुळे विधेयक पडले म्हणून त्याची खुर्ची हलत नाही. पण नेमक्या त्याच कारणाने सदस्यांवर त्याचा धाकही राहत नाही. म्हणून अमेरिकेच्या संसदेचा, म्हणजे तिथल्या काँग्रेसचा, कोणताही आकडा वाचताना पक्षांचे संख्याबळ पाहून थांबता येत नाही. ते सदस्य कोणत्या राज्यातून आले आहेत आणि विधेयकाच्या वाटेवरच्या कोणत्या दाराशी कोण बसले आहे, हे पाहावे लागते.

केनेडींच्या आधी हा धडा फ्रँकलिन रूझवेल्ट यांना मिळाला होता. १९३३ मध्ये सत्तेवर येताच पहिल्या शंभर दिवसांत त्यांनी एकामागून एक मोठे कायदे करून घेतले, आणि १९३६ ची निवडणूक त्यांनी प्रचंड फरकाने जिंकली. तरीही १९३७ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांची संख्या वाढवण्याचे त्यांचे विधेयक सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी समितीकडे परत पाठवले, आणि तिथेच ते संपले. पुढच्या वर्षी त्यांनी पक्षांतर्गत निवडणुकांत आपल्या विरोधकांना पाडण्याचा प्रयत्न केला. तोही बहुतांशी फसला. त्यानंतर पाव शतक दक्षिणेकडील डेमोक्रॅट आणि पुराणमतवादी रिपब्लिकन यांची एक अलिखित युती काँग्रेसमध्ये टिकून राहिली. केनेडी १९६१ साली आले ते या युतीच्या अमलाखालील काँग्रेससमोर.

या युतीचे बळ समित्यांमध्ये होते. दक्षिणेत तेव्हा व्यवहारात एकच पक्ष होता; कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवले गेले होते; त्यामुळे तिथला सदस्य एकदा निवडून आला की वर्षानुवर्षे येतच राही. समितीचे अध्यक्षपद ज्येष्ठतेने मिळत असल्यामुळे सर्वांत महत्त्वाच्या समित्या दक्षिणेच्या हाती गेल्या. सिनेटच्या न्यायविषयक समितीवर मिसिसिपीचे जेम्स ईस्टलंड होते आणि अर्थविषयक समितीवर व्हर्जिनियाचे हॅरी बर्ड. प्रतिनिधीगृहात कोणते विधेयक कधी आणि किती वेळ चर्चेला यावे हे ठरवणाऱ्या नियम समितीवर व्हर्जिनियाचेच हॉवर्ड स्मिथ होते. आपल्या विधानमंडळातील कामकाज सल्लागार समितीला विधेयक बेमुदत अडवून ठेवण्याचा अधिकार दिला तर काय होईल, अशी कल्पना केली की स्मिथ यांचे सामर्थ्य ध्यानात येईल. जानेवारी १९६१ मध्ये केनेडी आणि सभापती सॅम रेबर्न यांनी ही समिती १२ वरून १५ सदस्यांची करून स्मिथ यांची पकड सैल करायचे ठरवले, तेव्हा तो ठराव २१७ विरुद्ध २१२ मतांनी, म्हणजे अवघ्या पाच मतांनी, मंजूर झाला. सत्ताधारी पक्षाकडे प्रतिनिधीगृहात साठाहून जास्त जागांची आघाडी होती, आणि नव्या अध्यक्षाच्या कारकिर्दीचे ते पहिलेच दिवस होते. ‘भक्कम बहुमत’ प्रत्यक्षात किती भक्कम होते, याचे माप म्हणून मी वर्गात नेहमी हाच आकडा सांगत असे.

आता प्रत्यक्ष विधेयकाकडे येऊ. ‘केनेडींना जमले नाही’ हे म्हणणे तारखांशी जुळत नाही. पहिली दोन वर्षे त्यांनी हा विषय टाळला हे खरे आहे, कारण करकपात आणि इतर विधेयके ज्यांच्या हाती होती त्याच दक्षिणेकडील समिती-अध्यक्षांना दुखवण्याची त्यांची तयारी नव्हती. मे १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या शाळकरी मुलांवर सोडलेले पोलिसी कुत्रे आणि पाण्याचे फवारे साऱ्या देशाने पाहिले, आणि ११ जूनला केनेडींनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून कायद्याची घोषणा केली. त्याच रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, मिसिसिपीतील चळवळीचे नेते मेडगर एव्हर्स यांची त्यांच्या घराबाहेर हत्या झाली. जूनमध्ये प्रतिनिधीगृहात आलेले विधेयक २० नोव्हेंबरला न्यायविषयक समितीतून बाहेर पडून नियम समितीच्या दाराशी पोचले होते. दोन दिवसांनी डॅलसमध्ये केनेडींचा खून झाला आणि उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन अध्यक्ष झाले. पाच महिन्यांत इतक्या वादग्रस्त विधेयकाने समितीचा टप्पा ओलांडणे ही त्या काळाच्या मानाने वाईट गती नव्हती.

या पाच महिन्यांत जे घडले ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते, म्हणून त्यावर थोडे थांबतो. समितीचे अध्यक्ष ब्रुकलिनचे डेमोक्रॅट इमॅन्युएल सेलर होते, पण कळीचा माणूस होता ओहायोचे रिपब्लिकन विल्यम मॅककलक. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार अत्यल्प होते, म्हणजे या विषयात त्यांना मतांचा लाभ नव्हता. जुलै १९६३ मध्ये न्याय खात्याचे अधिकारी बर्क मार्शल त्यांना भेटायला ओहायोतील पिक्वा या छोट्या गावी गेले. मॅककलक यांनी पाठिंबा देताना घातलेली मुख्य अट अशी होती की, प्रतिनिधीगृहात मंजूर होईल तेच विधेयक प्रशासनाने सिनेटमध्ये टिकवून धरावे. तिथल्या विरोधकांशी तडजोड करून ते पातळ करू नये. या अटीमागे अनुभव होता. १९५७ साली प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकनांनी जोखीम पत्करून कडक तरतुदी मंजूर केल्या होत्या, आणि सिनेटमध्ये त्यांतल्या सर्वांत प्रभावी तरतुदी काढून टाकून उरलेले विधेयक मंजूर करून घेतले गेले. ती काटछाट घडवून आणणारे सिनेटचे तेव्हाचे बहुमतनेते होते लिंडन जॉन्सन.

१९६४ मध्ये अध्यक्ष जॉन्सन ‘तडजोड नाही’ या भूमिकेवर ठाम राहिले याचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते कौतुक योग्यच आहे. पण ती भूमिका त्यांच्याकडे काही अंशी वारशाने आली होती. मॅककलक यांना दिलेला शब्द मोडला असता, तर सिनेटमधून परत आलेले विधेयक प्रतिनिधीगृहातील रिपब्लिकनांनी अडवले असते. अध्यक्षांच्या मनाचा मोठेपणा आणि एका विरोधी सदस्याने आधीच घातलेली अट, ही दोन्ही कारणे तिथे एकत्र काम करीत होती. त्यांना वेगळे करून एकालाच श्रेय देणे मला कधीच पटले नाही.

जॉन्सन यांनी स्वतः काय केले, तर सर्वप्रथम त्यांनी वेळ ओळखली. २७ नोव्हेंबरला, म्हणजे शपथेनंतर पाचव्या दिवशी, काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनात त्यांनी सांगितले की हे विधेयक लवकरात लवकर मंजूर करण्याइतकी चांगली श्रद्धांजली केनेडींना दुसरी असू शकत नाही. ते टेक्सासचे होते आणि प्रतिनिधीगृहात असताना त्यांनी स्वतः नागरी हक्कांच्या विधेयकांविरुद्ध मते दिली होती. त्यामुळे या वाक्याचा अर्थ दक्षिणेला लगेच कळला.

दुसरी गोष्ट कमी नाट्यमय आहे, पण मला ती जास्त महत्त्वाची वाटते. त्यांनी कामकाजपत्रिका मोकळी केली. सिनेटमध्ये दीर्घ भाषणांचा अडथळा सुरू झाला की बाकीची सगळी विधेयके त्यामागे तुंबतात, आणि मग करकपात किंवा अर्थसंकल्प पुढे सरकावा म्हणून लोकच अध्यक्षांना वादग्रस्त विधेयक सोडून द्यायला सांगू लागतात. दक्षिणेचे हत्यार हे होते. करकपातीचे विधेयक हॅरी बर्ड यांच्या समितीत अडकले होते, आणि अर्थसंकल्प दहा हजार कोटी डॉलरच्या आत आणल्याशिवाय ते सोडणार नाहीत हे उघड होते. जॉन्सन यांनी डिसेंबरभर खर्चाला कात्री लावून तो ९,७९० कोटी डॉलरवर आणला. करकपातीवर त्यांची सही २६ फेब्रुवारी १९६४ रोजी झाली, आणि त्याच दिवशी सिनेटने नागरी हक्क विधेयक ईस्टलंड यांच्या समितीकडे न पाठवता थेट सभागृहाच्या पत्रिकेवर घेण्याचा निर्णय ५४ विरुद्ध ३७ मतांनी केला. ओलीस धरण्यासारखे मोठे विधेयक दक्षिणेच्या हाती उरले नव्हते. अध्यक्ष कायदा करू शकत नाही, पण काय आधी आणि काय नंतर यावर त्याचा प्रभाव मोठा असतो, आणि जॉन्सन यांच्या कौशल्याचे उत्तम उदाहरण विचाराल तर मी हेच देईन. ज्या छायाचित्रांत ते समोरच्या सिनेटरच्या अंगावर वाकून बोलताना दिसतात, त्यांतली सर्वांत गाजलेली मालिका १९५७ ची, ते बहुमतनेते असतानाची आहे. ती पाहून १९६४ ची कल्पना करू नये.

त्याआधी प्रतिनिधीगृहात स्मिथ यांची कोंडी फोडावी लागली होती. विधेयक समितीतून काढून घेण्यासाठी ४३५ पैकी २१८ सदस्यांच्या सह्यांचा अर्ज लागतो. सेलर यांनी डिसेंबरात तो मांडला. सह्या पूर्ण झाल्या नाहीत, पण नाताळच्या सुट्टीत मतदारसंघांत फिरून आलेल्या सदस्यांचा सूर आणि स्वतःच्याच समितीतील रिपब्लिकनांचा दबाव पाहून स्मिथ यांनी सुनावणी घेतली, आणि ३० जानेवारीला समितीने ११ विरुद्ध ४ मतांनी विधेयक सोडले. जाता जाता सांगतो, नोकरीतील भेदभावाच्या प्रकरणात ‘लिंग’ हा शब्द घालणारी दुरुस्ती सभागृहात याच स्मिथ यांनी मांडली. त्यांचा हेतू विधेयक बुडवण्याचा होता की नव्हता यावर आजही वाद आहे. परंतु मिशिगनच्या मार्था ग्रिफिथ्स आणि इतर महिला सदस्यांनी ती गांभीर्याने उचलून धरली आणि १६८ विरुद्ध १३३ मतांनी ती टिकली. १० फेब्रुवारीला प्रतिनिधीगृहाने विधेयक २९० विरुद्ध १३० मतांनी मंजूर केले.

सिनेटचे गणित मी वर्गात फळ्यावर करून दाखवत असे, आणि ते आपणही कागदावर करून पाहावे. सिनेटमध्ये सदस्य कितीही वेळ बोलू शकतो. चर्चा थांबवायची तर १९१७ साली केलेल्या नियम २२ खाली चर्चाबंदीचा ठराव लागतो, आणि त्याला तेव्हा हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागत. (आज लागणारी ६० मते ही १९७५ मधील बदलानंतरची आहेत, हे अनेक उत्तरपत्रिकांत चुकते.) शंभर सदस्य हजर असतील तर ६७ मते हवीत. डेमोक्रॅट होतेही ६७. पण त्यांतले २१ यादवी युद्धात संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेच्या अकरा राज्यांतले होते. उरले ४६. म्हणजे उत्तरेचा आणि पश्चिमेचा एकूण एक डेमोक्रॅट सोबत आला तरी ३३ पैकी किमान वीस-बावीस रिपब्लिकन लागणारच होते. या वजाबाकीनंतर वर्गात बहुधा शांतता पसरत असे, कारण निर्णयाची किल्ली कोणाकडे आहे ते आता वेगळे सांगावे लागत नव्हते. ती इलिनॉयचे एव्हरेट डर्कसन या रिपब्लिकन अल्पमतनेत्याकडे होती.

३० मार्चला मुख्य चर्चा सुरू झाली. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल यांनी आपल्या गटाच्या तुकड्या पाडल्या होत्या. एक तुकडी बोलत असताना बाकीच्या विश्रांती घेत. गणपूर्तीसाठी ५१ सदस्य लागत, आणि ती मागण्यासाठी विरोधकांचा एक माणूस सभागृहात असला तरी पुरे, मात्र ५१ माणसे गोळा करण्याचे काम समर्थकांचे. मिनेसोटाचे ह्यूबर्ट हम्फ्री आणि कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन थॉमस क्युकल यांनी त्यासाठी रोजच्या हजेरीच्या पाळ्या लावल्या आणि विधेयकाच्या एकेका प्रकरणाची जबाबदारी एकेका सिनेटरकडे दिली. १९६० मध्ये बहुमतनेते असताना जॉन्सन यांनी अहोरात्र बैठका चालवून विरोधकांना थकवायचा प्रयत्न केला होता, आणि त्यात समर्थकच जास्त थकले होते. १९६४ मध्येही त्यांचा कल तिकडेच होता. बहुमतनेते माइक मॅन्सफिल्ड यांनी ते मानले नाही. अध्यक्षांचा सल्ला बाजूला ठेवला गेला आणि त्याने विधेयकाचे भलेच झाले, ही गोष्ट श्रेयाचा हिशेब करताना विसरता कामा नये.

डर्कसन यांच्या बाबतीत मात्र जॉन्सन यांची समज अचूक होती. हम्फ्रींना त्यांनी सांगून ठेवले होते की डर्कसन यांना सतत भेटत राहा आणि श्रेय घेऊ द्या. मे महिन्यात डर्कसन यांच्या कार्यालयात आठवड्यानुआठवडे बैठका झाल्या आणि २६ मे रोजी सुधारित मसुदा सभागृहात आला. ज्या राज्यांत भेदभावविरोधी यंत्रणा आधीच होती त्यांना तक्रारी सोडवण्याची पहिली संधी देणे, आणि केंद्राच्या महान्यायवादीने नोकरी किंवा सार्वजनिक जागांच्या प्रकरणांत स्वतः दावा दाखल करायचा तर भेदभावाची रीतच असल्याचे दिसले पाहिजे, असे त्यातले मुख्य बदल होते. कायद्याचा गाभा शाबूत राहिला, आणि म्हणून मॅककलक यांनाही तो मान्य झाला. याच काळात मध्य-पश्चिमेकडील राज्यांत चर्चच्या धर्मगुरूंनी मोठे काम केले. आयोवा किंवा नेब्रास्काच्या सिनेटरला कृष्णवर्णीय मतदारांची किंवा कामगार संघटनांची फारशी फिकीर नव्हती. परंतु गावच्या पाद्रींची आणि त्यांच्या श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, तेव्हा त्यांना दखल घ्यावीच लागली.

१० जूनच्या सकाळी वेस्ट व्हर्जिनियाचे रॉबर्ट बर्ड यांचे चौदा तासांहून अधिक चाललेले भाषण संपले आणि चर्चाबंदीवर मतदान सुरू झाले. शंभरच्या शंभर सदस्य हजर होते. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूचा कर्करोग झाला होता, त्यांची वाचा गेली होती, आणि त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले गेले. नाव पुकारले गेले तेव्हा त्यांना बोलता येईना. मग त्यांनी हात हळूहळू उचलून आपल्या डोळ्याकडे बोट केले. इंग्रजीत सभागृहातला होकार आणि डोळा या दोन्ही शब्दांचा उच्चार ‘आय’ असाच होतो. कारकुनाने होकार नोंदवला. जुलै संपण्याआधीच एंगल वारले. ठराव ७१ विरुद्ध २९ मतांनी संमत झाला: ४४ डेमोक्रॅट आणि २७ रिपब्लिकन. नागरी हक्कांच्या विधेयकावर सिनेटने चर्चाबंदी मान्य करण्याची ही पहिलीच वेळ होती. १९ जूनला विधेयक ७३ विरुद्ध २७ मतांनी मंजूर झाले, २ जुलैला प्रतिनिधीगृहाने सिनेटचा मसुदा स्वीकारला, आणि त्याच संध्याकाळी जॉन्सन यांनी सही केली.

आपण हे मतदान स्वतः तपासावे असे मी सुचवीन, कारण माझ्या अनुभवात या विषयातली निम्मी गल्लत तिथे सुटते. मी विद्यार्थ्यांना नावे आणि राज्ये असलेली मतदानाची यादी आणि अमेरिकेचा कोरा नकाशा देत असे, आणि होकाराला निळी, नकाराला तांबडी पेन्सिल वापरायला सांगत असे. पक्ष लिहिण्याची परवानगी नसे. नकाशा रंगवून झाला की तांबडा पट्टा नेमका दक्षिणेत उमटलेला दिसे. सिनेटमधील अंतिम मतदानात दक्षिणेचे डेमोक्रॅट १ विरुद्ध २०, बाकीचे डेमोक्रॅट ४५ विरुद्ध १. दक्षिणेचा एकमेव रिपब्लिकन विरोधात, बाकीचे रिपब्लिकन २७ विरुद्ध ५. ‘रिपब्लिकन पक्षाने टक्केवारीने जास्त पाठिंबा दिला’ हे विधान खरे आहे, परंतु दोन्ही पक्षांची दक्षिण वेगळी काढली की डेमोक्रॅटांचे प्रमाण रिपब्लिकनांपेक्षा जास्त निघते. त्याच वर्षी विधेयकाविरुद्ध मत देणारे बॅरी गोल्डवॉटर रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, आणि स्वतःच्या ॲरिझोनाखेरीज त्यांनी जिंकलेली पाचही राज्ये दक्षिणेतली होती.

आता आपल्या मूळ शंकेकडे, म्हणजे स्वभावाच्या प्रश्नाकडे येतो. इतिहासात प्रयोगशाळा नसते, पण जॉन्सन तेच ठेवून परिस्थिती बदलली तर काय होते हे पाहण्याची सोय इथे आहे. नोव्हेंबर १९६४ च्या निवडणुकीनंतर प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅट २९५ झाले. १९६५ मध्ये अलाबामातील सेल्माच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना झालेल्या मारहाणीनंतर मतदान हक्क कायदा आला, डर्कसन सोबत होते, आणि चर्चाबंदी ७० विरुद्ध ३० मतांनी मिळाली. १९६६ मध्ये जॉन्सन यांनी घरांच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेदाला बंदी घालणारे विधेयक आणले. अध्यक्ष तेच, सिनेटमधील बहुमतही जवळजवळ तेच. परंतु डर्कसन या वेळी विरोधात गेले, सप्टेंबरात चर्चाबंदीचे दोन्ही ठराव पडले आणि विधेयक संपले. १९६८ च्या फेब्रुवारीत डर्कसन यांनी भूमिका बदलली. ४ मार्चला, चौथ्या प्रयत्नात, चर्चाबंदी ६५ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाली, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, ११ एप्रिलला, तो कायदा झाला. त्याच वर्षी जॉन्सन यांनी आपले जुने मित्र एब फोर्टस यांना सरन्यायाधीश करण्याचा प्रस्ताव पाठवला. आधी अनुकूल असलेले डर्कसन मागे हटले, आणि १ ऑक्टोबरला चर्चाबंदीच्या बाजूने फक्त ४५ मते पडली. चारही वेळी व्हाइट हाउसमध्ये जॉन्सनच होते. दोन्ही पक्षांतून दोन तृतीयांश मते जुळली की नाहीत, एवढ्यावर निकाल ठरला.

यावरून डर्कसन हेच खरे शिल्पकार, असाही निष्कर्ष मी काढणार नाही. त्यांचा कल स्वतःच देशातील वातावरणाप्रमाणे हलत होता, आणि ते वातावरण बर्मिंगहॅम, सेल्मा इथल्या सामान्य माणसांनी मार खाऊन तयार केले होते. केनेडी जगले असते तर विधेयक मंजूर झाले असते का, हे मात्र कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. मला स्वतःला वाटते की काहीतरी कायदा झाला असता, कारण मॅककलक यांचा करार आणि डर्कसन यांचे गणित दोन्ही केनेडींनाही उपलब्ध होते. पण तो इतका लवकर आणि इतका अखंड झाला असता की नाही, हे करकपात आधी वाट मोकळी करते की नाही यावर अवलंबून राहिले असते, आणि तो निर्णय जॉन्सन यांचा होता.

परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न आला तर पुस्तकातले वाक्य खोडून आपण असे लिहावे: केनेडींनी मांडलेले आणि प्रतिनिधीगृहात मॅककलक यांच्या अटीने बांधले गेलेले विधेयक, जॉन्सन यांनी कामकाजाचा क्रम साधून आणि तडजोड नाकारून सिनेटपर्यंत शाबूत नेले, तिथे हम्फ्री आणि मॅन्सफिल्ड यांच्या चिकाटीने आणि डर्कसन यांनी आणलेल्या रिपब्लिकन मतांनी ते चर्चाबंदीचा दोन तृतीयांशांचा उंबरठा ७१ विरुद्ध २९ मतांनी ओलांडू शकले. वाक्य लांब आहे, पण त्यातले प्रत्येक नाव मतदानाच्या यादीवरून आणि तारखांवरून सिद्ध करता येते. जागा उरली तर १९६६ चे पडलेले विधेयक दोन ओळींत जोडावे. ते लिहिणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.